जनावरांच्या अंगावरील गाठी व चट्टे : ओळख आणि निदान

(ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी यांच्यासाठी अभ्यासपाठ)

वऱ्हाडात आषाढ-श्रावण हे बैलाच्या कष्टाचे महिने होत. कपाशी, तूर व सोयाबीन यांच्या तासांतून डवरे याच दिवसांत चालतात, आणि गोमाश्या, चिलटे, डास व गोचीड यांचा उपद्रवही याच दिवसांत वाढतो. अशा वेळी सकाळी कोठ्यात गेलेल्या शेतकऱ्यास बैलाच्या मानेवर चार-दोन गाठी दिसल्या, तर काहीतरी चावले असेल असे म्हणून तो बैल जुंपतो. पुष्कळदा त्याचे म्हणणे खरेही असते. परंतु जेव्हा ते खरे नसते, तेव्हा त्या एका चुकीच्या नावाची किंमत त्याच्या कोठ्यास आणि मागाहून साऱ्या गावास मोजावी लागते.

रोगाचे अंतिम निदान करणे व औषध योजणे हे पशुवैद्यकाचे काम होय. प्रस्तुत पाठाने कोणी पशुवैद्यक व्हावे असा हेतू नाही. मात्र पशुवैद्यक येण्यापूर्वी जनावर कोणी पाहिले, कोणत्या क्रमाने पाहिले आणि काय नोंदून ठेवले, यावर निदान पहिल्या दिवशी होईल की आठव्या दिवशी, हे अवलंबून असते. तेवढ्या कामाची तयारी व्हावी, हा या पाठाचा उद्देश आहे.

१. नावाची घाई : एक जुना धडा

आज ज्यास आपण लंपी चर्मरोग म्हणतो, तो प्रथम १९२९ साली आफ्रिका खंडातील सध्याच्या झांबिया देशात आढळला. गुरांच्या अंगावर एकाएकी गाठी उठत. त्या वेळच्या जाणकारांनी कधी विषारी वनस्पती खाण्यात आल्याने, तर कधी कीटकांच्या दंशाने हा विकार होतो असे मानले. १९४३ च्या सुमारास रोग दक्षिणेकडील प्रदेशांत पसरू लागला, तेव्हा तो संसर्गजन्य असल्याचे ध्यानात आले. पुढे त्याचा विषाणू वेगळा करण्यात आला. तो देवी गटातील असून शेळ्यामेंढ्यांच्या देवीच्या विषाणूचा जवळचा आप्त आहे. म्हणजे रोग समोर असूनही तो एका जनावरापासून दुसऱ्यास लागतो, हे कळण्यास चौदा वर्षे लागली. कीटकदंशाचा तर्कही सर्वस्वी खोटा नव्हता. चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड हेच या विषाणूचे वाहक आहेत. दंश दिसला, परंतु दंशाबरोबर येणारा रोग दिसला नाही, एवढीच ती चूक होती.

भारतात हा रोग ऑगस्ट २०१९ मध्ये ओडिशात प्रथम आढळला. २०२० मध्ये तो गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा भागात दिसला. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यात त्याची लागण उघडकीस आली आणि थोड्याच दिवसांत अकोला, अमरावती व बुलडाणा या जिल्ह्यांत तो पसरला. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्यात गुरांचे बाजार व वाहतूक यांवर निर्बंध घालावे लागले. त्या वर्षी व पुढील वर्षीही अनेक गावांत पोळ्याच्या तोरणाखाली बैल एकत्र आणता आले नाहीत. वऱ्हाडातील शेतकऱ्यास याहून अधिक सांगावयास नको.

२. एक अनुभव

प्रस्तुत लेखक कृषी शाखेचा पदवीधर आहे, पशुवैद्यक नव्हे. म्हणून स्वतःची एक चूक येथे नमूद करणे त्यास योग्य वाटते. त्या साथीच्या प्रारंभी पूर्णाकाठच्या एका गावी कपाशीची पाहणी करीत असता, एका वृद्ध शेतकऱ्याने आपल्या बैलाच्या खांद्यावरील तीन-चार गाठी दाखविल्या. "साहेब, गोमाशी चावली असंन, दोन रोजात उतरून जाईन," असे ते म्हणाले. मी बांधावरूनच पाहिले व मान डोलावली. अंगास हात लावला नाही, ताप पाहिला नाही, बैलाने रात्री चारा खाल्ला की नाही हेही विचारले नाही.

तो बैल सावडीचा होता. दुसऱ्या दिवशी तो शेजाऱ्याच्या वावरात चालला व रात्री शेजाऱ्याच्याच कोठ्यात राहिला. चौथ्या दिवशी त्याच्या सर्वांगावर गाठी उठल्या आणि पुढचा पाय सुजला. पशुवैद्यक आले, बैल वेगळा बांधला गेला, उपचारही झाले. दीड महिन्यानंतर बैल उभा राहिला, परंतु त्या हंगामात पुन्हा डवऱ्यास लागला नाही. दरम्यान शेजाऱ्याच्या कोठ्यातील दूध पिते वासरू मात्र दगावले. वासरास लागण नेमकी याच बैलापासून झाली, असे निश्चित म्हणता येत नाही. पण पहिल्या दिवशी दहा मिनिटे खर्च केली असती, तर तो बैल त्या कोठ्यात गेलाच नसता, हे मात्र निश्चित म्हणता येते.

त्या दहा मिनिटांत काय करावयास हवे होते, ते पुढे क्रमाने दिले आहे.

३. तपासणीचा क्रम

तपासणीस जाताना निरोगी जनावरे आधी व आजारी जनावर शेवटी पाहावे. मग हात साबणाने धुवावेत आणि दुसऱ्या कोठ्यात जाण्यापूर्वी कपडे बदलावेत. नाहीतर पाहणारा स्वतःच रोगाची ने-आण करील.

पहिली पायरी, विचारपूस. गाठी केव्हा दिसल्या? त्या एका रात्रीत उठल्या की हळूहळू वाढल्या? त्याआधी जनावर सुस्त होते काय? चारापाणी व दूध कमी झाले काय? पंधरवड्यात बाजारातून नवे जनावर आणले काय, किंवा हे जनावर दुसरीकडे राहून आले काय? नवा चारा, नवे औषध वा सुई दिली गेली काय? लस केव्हा टोचली? लंपीची बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा ४ ते १४ दिवस जातात, क्वचित २८ दिवसही लागतात. म्हणून फक्त कालपरवाचे विचारून भागत नाही.

दुसरी पायरी, दुरून पाहणे. जनावर उभे कसे राहते, लंगडते काय, डोळ्यांतून व नाकातून पाणी येते काय, अंग खाजवते काय, सावली शोधते काय, हे पाच पावलांवरून पाहावे. जवळ गेल्यावर जनावर बुजते आणि या खुणा लपतात.

तिसरी पायरी, ताप पाहणे. जनावर सावलीत विसावल्यावर तापमापक गुदद्वारात आतील भिंतीस टेकेल असा दोन मिनिटे धरावा. निरोगी गुराचे तापमान साधारणतः १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. नुकतेच कामावरून वा उन्हातून आलेल्या जनावराचे तापमान काहीसे वाढलेले असते, त्यावरून निष्कर्ष काढू नये. गाठींचे स्वरूप ओळखण्यात भले भले चुकतात, परंतु तापमापकावरील आकडा कोणासही वाचता येतो. यास्तव ही पायरी कधीही गाळू नये.

चौथी पायरी, हात फिरविणे. तोंडापासून शेपटीपर्यंत, मग पोळी, पोट, पाय, कास व शेपटीखालचा भाग, अशा क्रमाने तळहात फिरवावा. केसांखालच्या लहान गाठी डोळ्यास दिसत नाहीत, हातास लागतात. गाठ मऊ की टणक, कातडीवर तरंगणारी की कातडीत रुतलेली, वरचे केस शाबूत की गळालेले, हे पाहावे.

पाचवी पायरी, अवधाण पाहणे. खांद्याच्या पुढे व मागच्या मांडीच्या पुढे कातडीखाली लसिकाग्रंथी असतात. त्या सुजल्या काय हे कळण्यासाठी त्याच वयाच्या निरोगी जनावराच्या ग्रंथी आधी चाचपून पाहाव्यात. तुलनेवाचून हाताचा अंदाज खरा ठरत नाही.

सहावी पायरी, शेजारची जनावरे. एकाच जनावरास विकार आहे की दोन-तीन जनावरांत त्याची सुरुवात दिसते, हे पाहून संख्या लिहून ठेवावी.

४. लंपी चर्मरोगाची लक्षणे

या रोगात ताप बहुधा आधी येतो आणि गाठी मागून येतात. ताप १०४ ते १०६ अंशांपर्यंत चढतो. डोळे व नाक वाहतात, जनावर चारा सोडते, दुभत्या गाईचे दूध एकदम घटते. मग एक-दोन दिवसांत डोके, मान, पाय, कास व जननेंद्रिये यांवर किंवा सर्वांगावर गाठी उठतात. त्या गोल, टणक, उठावदार, साधारणतः २ ते ५ सेंटिमीटर व्यासाच्या असून कातडीच्या संपूर्ण जाडीत रुतलेल्या असतात. कातडी हलविली तरी गाठ तिच्यापासून वेगळी सरकत नाही. प्रारंभी त्यावरील केस ताठ उभे राहिलेले दिसतात. लसिकाग्रंथी सुजतात. पोळीस व पायांस सूज आल्याने जनावर लंगडते. पुढे काही गाठींचा मधला भाग मरून खुंटीसारखा सुटतो व खोल जखम राहते. तीत माश्या अंडी घालतात व अळ्या पडतात.

लागण साधारणतः १० ते २० टक्के जनावरांस होते, कधी तिचे प्रमाण त्याहून पुष्कळ जास्तही असते. मृत्यूचे प्रमाण बहुधा १ ते ५ टक्के असते. वासरांत धोका अधिक असतो. म्हशींत हा रोग तुलनेने कमी दिसतो, म्हणून पूर्णाथडी म्हशी पाळणाऱ्यांनी गाई व म्हशी वेगवेगळ्या बांधाव्यात. हा रोग माणसास होत नाही. दूध उकळून पिण्यास हरकत नाही.

५. सारखे दिसणारे इतर विकार

पित्त उठणे. नव्या चाऱ्याने, औषधाने वा दंशाने काही मिनिटांत अथवा तासांत अंगावर फुगवटे येतात. ते मऊ व चपटे असून त्यांच्या कडा पसरट असतात. पापण्या व ओठही सुजू शकतात. ताप नसतो किंवा अल्प असतो. बहुधा एक-दोन दिवसांत ते मागमूस न ठेवता उतरतात. लंपीची गाठ असे उतरत नाही. तथापि "उतरते का पाहू" म्हणून दोन दिवस थांबावयाचे असेल, तर जनावर वेगळे बांधूनच थांबावे.

गजकर्ण. ही बुरशीची बाधा बहुधा वासरांत, डोळ्यांभोवती, तोंडावर व मानेवर होते. गोल, केस गळालेले, राखी खपलीचे चट्टे पडतात. गाठ नसते, ताप नसतो, वाढ आठवड्यांनी होते. हा विकार माणसासही लागतो. गुराखी मुलाच्या हातावर तसाच चट्टा असेल, तर ती निदानास मोठी साहाय्यक खूण होय.

खरूज. सूक्ष्म किडीमुळे होणाऱ्या या विकारात खाज अतिशय असते. जनावर खुंट्यास व भिंतीस अंग घासते, कातडी जाड होऊन सुरकुतते. लंपीमध्ये अशी खाज हे मुख्य लक्षण नसते.

चामखीळ. कोवळ्या जनावरांच्या मानेवर, तोंडावर वा सडांवर फुलकोबीसारखे खरबरीत उंचवटे येतात. जनावर खाऊनपिऊन ठणठणीत असते. बहुधा काही महिन्यांत ते आपोआप झडतात.

पावसाळी खपल्या. सतत भिजणाऱ्या जनावरांच्या पाठीवर केस चिकटून ब्रशासारखे झुपके होतात आणि खपली ओढल्यास केसांसह निघते. हा जिवाणूंचा विकार असून त्याचा संबंध ओलाव्याशी आहे.

घाणेरीची बाधा. मेळघाटाच्या पायथ्याशी व जंगलालगत चरणाऱ्या गुरांनी, विशेषतः चाराटंचाईच्या दिवसांत, घाणेरीचा पाला खाल्ल्यास यकृत बिघडते आणि कातडी उन्हास सोसेनाशी होते. जनावर सावलीत पळते, बद्धकोष्ठ होतो, डोळे पिवळे दिसतात. नाकाभोवतीची व पांढऱ्या केसांखालची कातडी भाजल्यासारखी होऊन सोलते. काळी कातडी मात्र शाबूत राहते. बांड्या गाईच्या केवळ पांढऱ्या ठिगळांवरच विकार दिसला, तर ही गोष्ट प्रथम मनात यावी.

खोटा लंपी. वेगळ्याच विषाणूमुळे होणाऱ्या या विकारात गाठी कातडीच्या वरच्या थरात राहतात, मध्यभागी खोलगट दिसतात आणि खोल व्रण न ठेवता एक-दोन आठवड्यांत बऱ्या होतात. तो केवळ नजरेने निश्चित ओळखता येत नाही. म्हणूनच पशुवैद्यक खपलीचे व रक्ताचे नमुने प्रयोगशाळेस पाठवितात. पीसीआर तपासणीने विषाणूची खात्री होते. नमुना घेणे, बांधणे व धाडणे हे सर्वस्वी त्यांचे काम आहे. अकोल्यास स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, तिचे मार्गदर्शन या भागातील पशुवैद्यकांस जवळच उपलब्ध आहे.

वरील सर्वांचा सारांश एका वाक्यात असा : ताप, टणक गाठी व सुजलेल्या लसिकाग्रंथी ही तीन लक्षणे एकत्र आढळली की लंपी समजून वागावे, आणि लंपी नाही हे पशुवैद्यकाने सांगेपर्यंत तसेच वागावे. उलट ताप नसला, तरी तेवढ्याने निःशंक होऊ नये. संध्याकाळी व दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तापमान घ्यावे.

६. पहिल्या दिवशी काय करावे

१) जनावर तत्काळ वेगळे बांधावे. त्याची दावण, बादली व चारा वेगळा ठेवावा. ते सावडीवर वा बाजारास नेऊ नये, सामाईक हौदावरही पाजू नये.

२) पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्यान्वये, अनुसूचित रोगाचा संशय आल्यास गावच्या अधिकाऱ्यास वा ग्रामपंचायतीस कळविणे हे पशुपालकाचे कर्तव्य आहे, आणि लंपी हा असा रोग होय. कळविल्याने बाजार बंद होईल या भीतीने पुष्कळ जण गप्प बसतात. पण न कळविलेला रोग बाजारातून हिंडतो व अखेर बाजार बंद करूनच थांबतो.

३) कोठ्यातील शेण, मूत व ओल काढून टाकावी. जनावरांवर व भिंतींच्या फटींत पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गोचीड व माश्यांचे औषध फवारावे. सायंकाळी कडुनिंबाचा धूर करावा. गळालेल्या खपल्यांत विषाणू महिनाभरही टिकू शकतो, म्हणून त्या झाडून जाळाव्यात.

४) आजारी जनावरास सावली, स्वच्छ पाणी व मऊ हिरवा चारा द्यावा. जखमा पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुवाव्यात व माश्या बसू देऊ नयेत.

५) गाठी फोडू वा डागू नयेत. एकच सुई अनेक जनावरांस टोचू देऊ नये. सुई हीसुद्धा या विषाणूचे वाहन होते. अनधिकृत माणसाकडून सुया टोचून घेतल्यास ताप तात्पुरता उतरतो, लक्षणे झाकली जातात आणि निदान अधिकच लांबते.

६) जनावर दगावल्यास ते उघड्यावर वा नाल्यात टाकू नये. पशुवैद्यकास कळवून पंचनामा करावा व सुमारे ८ फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. २०२२ च्या साथीत राज्य शासनाने दुधाळ गाईस ३०,००० रुपये, ओढकामाच्या बैलास २५,००० रुपये व वासरास १६,००० रुपये अशी मदत दिली होती. अशा मदतीस पशुवैद्यकाची नोंद लागते. नोंदच नसेल तर नुकसान खरे असूनही सिद्ध करता येत नाही.

७. लसीविषयी

२०२२ मध्ये राज्यभर शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांस टोचण्यात आली. दोन्ही विषाणू जवळचे आप्त असल्याने ती उपयोगी पडते. लंपीच्याच विषाणूपासून देशात तयार झालेली 'लंपी-प्रोव्हॅक-इंड' ही लसही ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. लस निरोगी जनावरासच टोचावी, आणि ती दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टोचून घेणे हिताचे आहे. संरक्षण निर्माण होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. बाधा आधीच झालेल्या जनावरास लस दिल्यावर गाठी उठल्या, तर लोक लसीस दोष देतात. कार्यकर्त्याने विचारपुशीत लसीची तारीख घेतलेली असेल, तर हा गैरसमज तेथल्या तेथे दूर करता येतो.

८. समारोप

शेतकरी आपल्या बैलास ओळखतो. त्याच्या चालीतला किंचित फरकही त्याच्या नजरेस येतो. उणीव असते ती नजरेस आलेली गोष्ट क्रमाने तपासून, लिहून, वेळेवर कळविण्याची. ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याच्या पिशवीत पिकाच्या नोंदवहीबरोबर एक तापमापक असावा, आणि बांधावरून मान डोलावण्याऐवजी त्याने कोठ्यात शिरून जनावराच्या अंगावर हात फिरवावा. रोगाचे नाव माहीत नसणे यात कमीपणा नाही. न पाहता नाव देणे मात्र टाळावे.

उजळणीसाठी प्रश्न

१) एका गाईच्या पांढऱ्या ठिगळांवरील कातडी सोलली आहे, काळी कातडी चांगली आहे व डोळे पिवळे आहेत. आपण प्रथम काय विचाराल?

२) सकाळी बैलाच्या अंगावर मऊ फुगवटे उठले. ताप १०१.५ अंश आहे. तो बैल आज सावडीवर पाठवावा काय? का?

३) गाठी दिसण्यापूर्वी लंपीचा संशय कोणत्या खुणांवरून घेता येईल?

४) आपल्या गावातील किती जनावरांस या वर्षी लस टोचली गेली, याची यादी आपणांजवळ आहे काय? नसल्यास ती या आठवड्यात तयार करावी.